नोव्हेंबरची वही

१

हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावर, गायींच्या कुरणांच्या मधोमध, पांढऱ्या लाकडाचं एक लहानसं कॅथलिक चर्च होतं. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता क्षितिज उकिडवे ते साफ करायला जायचा. तो ज्या क्लीनिंग कंपनीत होता तिच्याकडे दोन शाळा होत्या, दातांचे दवाखाने होते, एका डेअरीचं ऑफिस होतं. पण क्षितिजला हे काम सगळ्यांत आवडायचं, कारण तिथे कोणी नसायचं. धर्मगुरू महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, लांबून गाडी चालवत यायचे. एरवी किल्ली दाराजवळच्या कुंडीखाली पडलेली असायची आणि आत नुसती लाकडाचा आणि मेणाचा वास धरलेली हवा.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी बाकं पुसायची, मग खिडक्यांच्या कडा, मग वेदीच्या पायऱ्या. सगळ्यांत शेवटी मधल्या वाटेवरचं लाल कार्पेट. व्हॅक्यूम तो वेदीपासून सुरू करायचा आणि पाठमोरा दाराकडे सरकत यायचा, म्हणजे स्वतःच्या बुटाचा ठसासुद्धा मागे राहायचा नाही. कार्पेटवर सरळ पट्टे उमटायचे. दार ओढून घेण्याआधी त्या पट्ट्यांवरून एकदा नजर फिरवली की त्याचा गुरुवार पुरा व्हायचा.

२००६ च्या नोव्हेंबरची दोन तारीख गुरुवारी आली. त्या दिवशी वेदीच्या बाजूला एक छोटं टेबल मांडलेलं होतं. टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक जुनी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. उघड्या पानावर वर कोणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, ‘ज्यांच्यासाठी प्रार्थना व्हावी त्यांची नावं लिहा.’ खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत दहा-अकरा नावं होती.

येत्या मंगळवारी त्याच्या लेकीच्या, सिद्धीच्या, कानांचं ऑपरेशन होतं. सहा वर्षांची पोर. कानात पाणी साठतं, बारीकशी नळी बसवायची, वीस मिनिटांचं काम, असं त्याची बायको अनुया म्हणाली होती. आणि ती स्वतः हॉस्पिटलात नर्स होती, म्हणजे तिला ठाऊक असणारच. तरी क्षितिज गेले चार दिवस रात्री उठून लेकीकडे बघून येत होता. चिपळूणला त्याची आई दर संकष्टीला देवळातल्या वहीत घरच्यांची नावं अभिषेकासाठी घालायची. परीक्षा असो, बाळंतपण असो, आधी वहीत नाव. त्याला ते आठवलं. देव दुसऱ्यांचा असला म्हणून काय झालं, लेकराचं नाव घालायला कोण नको म्हणेल?

त्याने हात पँटला पुसले आणि शेवटच्या नावाखाली इंग्रजी अक्षरांत, जमेल तितकं सुवाच्य लिहिलं : सिद्धी क्षितिज उकिडवे.

२

ऑपरेशन छान झालं. बुधवारी सिद्धी घरी टीव्हीचा आवाज कमी कर म्हणून ओरडत होती, कारण आता तिला सगळं फारच ऐकू येत होतं.

गुरुवारी क्षितिज हलक्या मनाने चर्चचं दार उघडून आत गेला आणि कार्पेटकडे बघत उभा राहिला.

कार्पेटवर ठसे होते. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. रविवारी लोक येऊन गेले असणार. पण रविवारचे पाय तर सगळीकडे पडलेले असतात, इकडून तिकडे, मुलांचे, म्हाताऱ्यांचे. हे तसे नव्हते. सगळं कार्पेट कोणीतरी हाताने सारखं केल्यासारखं दिसत होतं, आणि त्यावर दोन-दोनच्या ओळीत खळगे होते. गुडघ्यांचे दोन गोल आणि मागे बुटांच्या टोकांचे दोन. माणसं इथे गुडघे टेकून बसली होती. त्याने मोजले. अकरा जण.

बादली खाली ठेवायला तो वाकला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. बुटांची टोकं वेदीच्या बाजूला होती. गुडघे दाराच्या बाजूला.

म्हणजे अकरा माणसं वेदीकडे पाठ करून बसली होती.

तो थोडा वेळ विचार करत राहिला. लग्नाचा फोटो काढायचा असेल. नाहीतर नाटकाची तालीम. या लोकांचे उपवासाचे, प्रायश्चित्ताचे नाना प्रकार असतात, त्यांतला एखादा असेल. आपल्याला काय कळतंय. त्याने बाकं पुसली, पायऱ्या पुसल्या. टेबल पुसताना सहज वहीकडे बघितलं. सिद्धीच्या नावाखाली कोणी काही लिहिलं नव्हतं. फक्त तिच्या नावापुढे पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. वरच्या कोणत्याच नावापुढे नव्हता.

“घाबरवलं का रे तुला?”

दारात मिसेस डोलन उभ्या होत्या. शेजारचं फार्म त्यांचं, वय पंचाहत्तरच्या पुढे. अंगात लोकरी जर्सी, गमबूट बाहेर काढलेले, हातात फुलं.

“नाही नाही,” क्षितिज म्हणाला. मग धीर करून म्हणाला, “या आठवड्यात इथे काही कार्यक्रम होता का?”

“कार्यक्रम कसला! आम्ही उरलोय दहा-बारा थकलेली माणसं. नोव्हेंबरात वही मांडली की पुढचे गुरुवार सकाळी दहाला जमतो. तू दुपारी येतोस म्हणून आपली गाठ पडत नाही.” त्यांनी फुलं पाण्यात घातली. “आमच्यामुळे तुझं काम वाढतं, होय ना? गुडघ्यांचे डाग जात नसतील.”

“डाग नाहीत. नुसते खळगे.”

“गुणी आहेस,” त्या म्हणाल्या, आणि जाता जाता वहीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे तू लिहिलंस?”

“हो. मुलगी माझी.”

“सुंदर नाव आहे,” मिसेस डोलन म्हणाल्या. “म्हणायला जरा वेळ लागला आम्हाला.”

३

त्याच रात्री सिद्धीला ताप भरला. अनुयाने कपाळाला हात लावला, कानांत बघितलं. कान स्वच्छ होते. “व्हायरल असेल. शाळेत निम्मा वर्ग आजारी आहे,” ती म्हणाली आणि फ्रिजवर तक्ता लावला. किती वाजता किती ताप. नर्सची सवय.

शनिवारी नीता तुस्कानो जेवायला आली. ती वसईची कॅथलिक, अनुयाच्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट. डबाभर फुग्या, घरचे तळलेले पावाचे गोळे, घेऊन आली होती आणि सिद्धीने त्यांतली एकही खाल्ली नाही म्हणून खट्टू झाली होती.

“आय्‌म नॉट हंग्री, मावशी,” सिद्धी सोफ्यावरून म्हणाली.

जेवताना क्षितिजने भीतभीतच वहीची गोष्ट काढली. त्याला वाटलं, नीताला बरं वाटेल. नीता हसायला लागली. हसता हसता तिने घास खाली ठेवला.

“अरे वेड्या, ती मेलेल्यांची वही आहे!”

“म्हणजे?”

“नोव्हेंबर म्हणजे आमचा पितृपक्ष समज. घरातले जे गेले त्यांची नावं लिहायची, मग महिनाभर चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे आमची पूजा म्हण, होते. सगळ्यांना माहीत असतं, म्हणून वर ‘मृत’ असं कोणी लिहीत बसत नाही. तू लेकीचं नाव घातलंस?”

“वा,” अनुया म्हणाली. “श्राद्ध घातलंस की रे तिचं.” ती चेष्टेतच म्हणाली, पण हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

“अगं, काही होत नाही,” नीता म्हणाली. “देवाला कळतं. फादरला सांग, ते खोडतील.” मग आपणच सुरू केलेलं आटोपायला म्हणून तिने आणखी सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं. “माझे मोठे काका फादर होते ना, ते सांगायचे. लोक काळ्या मिस्सेच्या गोष्टी करतात, उलटा क्रूस आणि उलट्या प्रार्थना आणि सैतान. काका म्हणायचे, त्यांतल्या बहुतेक थापा, नाहीतर बिचाऱ्यांना मारून मारून वदवून घेतलेलं. पण एक गोष्ट मात्र जुन्या कायद्यात लिहिलेली आहे. स्पेनमध्ये, बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी. काही धर्मगुरू मृतांची मिस्सा जिवंत माणसाच्या नावाने म्हणायचे. शब्द तेच, वस्त्रं तीच. काहीसुद्धा उलटं नाही. फक्त ज्याचं नाव घ्यायचं तो अजून जिवंत.”

“कशासाठी?” क्षितिजने विचारलं.

“तो मरावा म्हणून.”

“नीता, पुरे,” अनुया म्हणाली. “ताप आहे पोरीला.”

४

सोळा तारखेला त्याने दार उघडलं तेव्हा ठसे होतेच. त्याने ते मोजले नाहीत. सरळ वहीकडे गेला.

सिद्धीच्या नावापुढे दोन ठिपके.

त्याने वहीची मागची पानं उलटली. दर वर्षाला एक पान. २००५ च्या पानावर चौदा नावं, आणि फक्त शेवटच्या नावापुढे ठिपके. चार. २००४ च्या पानावर नऊ नावं, शेवटच्या नावापुढे चार. २००३, चार. आणखी मागे जायची त्याला गरज वाटली नाही, तरी तो दोन पानं गेला.

चर्चच्या मागे छोटी दफनभूमी होती. गवत कापणारा दुसरा माणूस होता, त्यामुळे क्षितिज तिकडे कधी गेला नव्हता. २००५ चं शेवटचं नाव त्याला नव्या दगडावर पाच मिनिटांत सापडलं. बाई होती, वय एकतीस. मृत्यू आठ डिसेंबर २००५.

नोव्हेंबरच्या पानावरचं माणूस डिसेंबरात गेलं होतं.

उन्हात उभं राहून त्याने याचा नीट विचार केला. कुंपणापलीकडे गायी चरत होत्या, रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला. बाई डिसेंबरात गेली आणि घरच्यांनी पान उलटून मागच्या महिन्यात नाव लिहिलं, असं असू शकतं. जागा शेवटीच असते, म्हणून नाव शेवटी. ठिपके म्हणजे किती वेळा प्रार्थना झाली त्याची खूण. हे सगळं पटण्यासारखं होतं. त्याला ते पटलंसुद्धा.

तरी तो आत गेला आणि सिद्धीच्या नावावर पेनाने आडव्या रेघा ओढल्या, खालचं काही दिसेनासं होईपर्यंत. कागद थोडा फाटला. मग त्याने कार्पेट केलं आणि घरी गेला.

५

शुक्रवारी ताप थोडा उतरला. रविवारी परत चढला आणि सोमवारी सिद्धीला हॉस्पिटलात ठेवलं. रक्त तपासलं, फोटो काढले, पाठीतलं पाणी तपासलं. पहिल्या दिवशी सगळं ठीक निघालं. ताप तेवढा उतरेना. ती काही मागत नव्हती, रडत नव्हती. सुई टोचली तरी हात ओढून घेत नव्हती, आणि अनुयाला त्याचंच भय वाटत होतं.

क्षितिजने शेवटी तिला ठिपक्यांचं सांगितलं. वॉर्डच्या बाहेर, चहाच्या मशीनपाशी. अनुयाने सगळं ऐकून घेतलं.

“झालं तुझं?”

“हो.”

“तिच्या रक्तात प्लेटलेट खाली चालल्यात. तीन डॉक्टर डोकं खाजवतायत. आणि तू मला वहीतले ठिपके सांगतोस?” तिचा आवाज चढला नाही. तिने खिशातून तक्त्याची नक्कल काढून त्याच्या हातात दिली. “हे धर आणि तिच्याजवळ बस. दर तासाला लिही. काहीतरी कामाचं कर.”

तो तक्ता घेऊन बसला. अनुयाचं अक्षर बारीक आणि स्वच्छ होतं. ताप दिवसभर वरखाली होत होता, त्याला काही ताळतंत्र नव्हतं. गुरुवारचा आकडा तेवढा सगळ्यांत वरचा होता. सोळा तारखेला सकाळी दहाला चाळीस अंश सेल्सिअस. मग तेवीस तारीख आली, आणि दहाला त्यानेच आपल्या हाताने लिहिलं. चाळीस पूर्णांक सहा.

दुपारी दोनला तो चर्चमध्ये होता. पानावर त्याच्या रेघोट्या होत्या, आणि त्यांच्या खाली, जुन्या वळणाच्या देखण्या इंग्रजी अक्षरांत, सिद्धी क्षितिज उकिडवे. पुढे तीन ठिपके.

मिसेस डोलन मागच्या खोलीत फुलदाण्या धूत होत्या.

“तुझ्या हातून घाण झाली होती रे,” त्या म्हणाल्या. “मी नीट उतरवून काढलं.”

“ते नाव काढायचंय मला. ती जिवंत आहे. माझी चूक झाली.”

“ठाऊक आहे. तू पहिला नाहीस. परक्या लोकांची होतेच चूक.” त्यांनी फुलदाणी पालथी घातली. “काढता येत नाही. आम्ही नेहमी शेवटचं वाचतो. कोणीतरी शेवटचं असतंच ना.”

“का पण?”

मिसेस डोलन यांना प्रश्नच समजला नाही असं वाटलं. त्यांनी हात पुसले. “आमच्या आधीही असंच वाचायचे,” त्या म्हणाल्या.

“मग तिच्याखाली दुसरं नाव लिहिलं तर?”

“तर ते शेवटचं.” त्यांनी त्याच्याकडे जरा प्रेमाने बघितलं. “पण जिवंत माणसाचं लागतं हं. आणि जो गेला तर तुला दुखेल अशाचं. एकाने कुत्र्याचं लिहिलं होतं. कुत्रं गेलं आणि मुलगाही गेला.”

६

त्या आठवड्यात क्षितिजने पुष्कळ नावं मनात आणली. तो साधा माणूस होता, कुणाचं वाईट चिंतायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे एकेक नाव मनात यायला वेळ लागला. सुपरवायझरचं आलं, पण तो गेला तर दुखलं नसतं. वडिलांचं आलं. ते बहात्तर वर्षांचे होते, दम्याने बेजार, स्वतःच म्हणायचे आता ने रे बाबा. या नावापाशी तो दोन दिवस थांबला. बुधवारी त्याने चिपळूणला फोन केला. मोरेश्वर उकिडव्यांनी आधी सिद्धीची चौकशी केली, मग म्हणाले, “तू जेवतोस ना वेळेवर?” क्षितिजने फोन ठेवून दिला.

तीस तारखेला पावणेदहाला तो चर्चच्या फाटकाशी पोचला. सिद्धीजवळ अनुया होती. ‘कामावर महत्त्वाचं आहे’ एवढंच त्याने सांगितलं होतं, आणि अनुयाने त्याच्याकडे बघितलंही नव्हतं. बाहेर पाच-सहा मोटारी उभ्या होत्या, चिखल उडालेल्या, एकीत मागे मेंढ्या राखणारा कुत्रा बसलेला. अगदी साधी सकाळ. त्याने दार उघडलं.

ती सगळी त्याच्याकडे तोंड करून बसली होती.

गुडघ्यांवर, दोन-दोनच्या ओळीत, दारातून येणारं ऊन चेहऱ्यांवर घेऊन. डोळे मिटलेले. जर्सी घातलेले दोन म्हातारे, कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई, एक पोस्टमन गणवेशातला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मिसेस डोलन पहिल्या रांगेत होत्या. ज्या चेहऱ्यांना आपण रस्त्यात हात करतो तसले ते चेहरे होते, आणि त्याची भीती त्यामुळे कमी झाली नाही.

क्षितिज त्यांच्या मधून चालत गेला. कोणी हललं नाही. त्याच्या पायांना दोघांचे खांदे लागले. एकाच्या अंगाला ताज्या दुधाचा वास होता.

वेदीपाशी कोणीतरी उभं होतं. अंगावर पायांपर्यंत काळं वस्त्र होतं, तेवढं त्याने बघितलं. ते माणूस वेदीकडे वळलेलं आहे की लोकांकडे, ते त्याला ठरवेना. हात दिसत होते, मान दिसत होती, पण पुढची बाजू कोणती याचा मेळ लागेना. नजर फिरून फिरून वस्त्राच्या काळ्यापाशी यायची आणि तिथे जे असायला हवं ते नसायचं. त्याने दुसऱ्यांदा बघितलं नाही. नंतर कितीही आठवलं तरी त्याला एवढंच आठवणार होतं.

वही उघडीच होती. त्याने दोरीचं पेन उचललं. सिद्धीच्या नावाखाली, ओळ सोडून, पासपोर्टवर होतं तसं त्याने पुरतं नाव लिहिलं.

क्षितिज मोरेश्वर उकिडवे.

मागे अकरा जणांनी एकदम श्वास सोडला. खूप वेळ ताटकळलेल्या माणसांची सुटका व्हावी तसा.

७

तो बाहेर आला, दार ओढलं आणि मोटारीपर्यंत चालत गेला. ऊन कडक होतं. गवताचा वास येत होता. मोटारीचं दार उघडायला त्याने खिशातून किल्ली काढली.

दहा वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

“उतरला,” अनुया म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. “क्षितिज, ताप उतरला रे. घामाने चादर भिजली. सदतीस आहे, मी दोनदा बघितलं. टोस्ट मागतेय. मार्माइट लावून हवाय म्हणतेय, आणि नर्सला सांगितलं की माझी आई तुझ्यापेक्षा चांगला लावते. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“मी त्या दिवशी फार बोलले तुला.”

“असू दे गं.”

“असू दे काय? ये लवकर. कुठे आहेस?” मग ती मधेच थांबली. “कोण रे तिकडे?”

क्षितिजने मागे वळून बघितलं. चर्चचं दार बंद होतं. कुत्रा मोटारीत झोपला होता. कुरणावर वारा होता, दुसरा कसलाही आवाज त्याला येत नव्हता.

“कोणी नाही. का?”

“अरे, तुला हाक मारतायत की. बरीच माणसं आहेत वाटतं. पूर्ण नाव घेतायत, तुझं आणि बाबांचंसुद्धा. ‘क्ष’ किती स्वच्छ म्हटला! या देशात कुणाला जमलाय तो आजवर?” तिला हसू आलं होतं. “आपलं मराठी कोणी भेटलं का रे तिथे?”

क्षितिज मोटारीच्या दाराला टेकला.

“हो,” तो म्हणाला. “तिला टोस्ट दे. मी निघालोच.”